दूरच्या पंगतींतील पंक्तिप्रपंच

पंगतीला बसलेल्या माणसाचें लक्ष आपल्या पानापेक्षां वाढप्याच्या हाताकडे अधिक असतें. लाडू एक मिळाला कीं दोन मिळाले, यावरून सहसा कोणी रुसत नाहीं. परंतु शेजारच्या पानावर आग्रहानें चार पडले आणि आपल्या पानापाशीं येतांच वाढप्यानें तोंड फिरवून पुढची वाट धरली, तर पोटांत गेलेला लाडूहि कडू होतो. या दोषाला मराठींत ‘पंक्तिप्रपंच’ असा नेमका शब्द आहे. अन्न कमी पडणें हा पंक्तिप्रपंच नव्हे. एका पंक्तींत बसलेल्यांना निरनिराळ्या मापानें आणि निरनिराळ्या भावानें वाढणें हा पंक्तिप्रपंच होय. पहिली गोष्ट पोट सोसतें, दुसरी मनाला लागते.

आतां अशी एक पंगत डोळ्यांपुढें आणावी कीं, जिचें एक टोंक पुण्यास, मधला भाग पोलंडांतील क्राकोव्ह शहरीं आणि दुसरें टोंक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियांत आहे. वाढपी, म्हणजे कामें वाटणारा आणि पगार ठरविणारा व्यवस्थापक, एकाच टोंकाशीं उभा आहे. पंगतींतल्या कोणालाहि दुसऱ्याचें पान धड दिसत नाहीं. कानांवर येतो तो फक्त भांड्यांचा आवाज. निरनिराळ्या देशांत राहून, एकमेकांस क्वचितच प्रत्यक्ष भेटून, संगणक व इंटरनेट यांच्या साहाय्यानें एकच काम करणारे जे गट आज जगभर पसरले आहेत, त्यांची स्थिति हुबेहूब अशी आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणें, हिशेब तपासणें, ग्राहकांच्या शंकांचें निरसन करणें अशीं नाना कामें या रीतीनें चालतात. २०२० सालीं करोनाच्या साथीनें कचेऱ्यांचीं दारें बंद झालीं, तेव्हां ज्यांना ही पद्धति ठाऊक नव्हती त्यांच्याहि घरांत ती शिरली. आणि साथ ओसरल्यावरहि पुष्कळ ठिकाणीं ती टिकून राहिली. अशा गटांत कोण समाधानानें काम करतो आणि कोण वर्षा-दोन वर्षांत राजीनामा देऊन मोकळा होतो, याचें रहस्य नुसत्या पगाराच्या आंकड्यांत सांपडत नाहीं; तें न्यायाच्या जाणिवेंत शोधावें लागतें.

पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांत हल्लीं एक देखावा पाहावयास मिळतो. रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, जेवणें आटोपत आलेलीं असतात, आणि मुलगी किंवा सून घाईघाईनें हात धुऊन आंतल्या खोलीचें दार लावून घेते. आंतून इंग्रजी बोलणें ऐकूं येतें. अकरा वाजतां ती बाहेर येते ती उतरलेल्या चेहऱ्यानें. वडील म्हणतात, “आम्हांला वर्षाला मिळत नसे इतका पगार हिला महिन्याला मिळतो, मग ही कुरकूर कशाची?” वडिलांचा प्रश्न खोटा नाहीं आणि मुलीची कुरकूरहि खोटी नाहीं. दोघांचीं मापें निराळीं आहेत, एवढेंच.

हीं मापें कशीं चालतात याचें शास्त्रीय विवेचन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. स्टेसी अॅडम्स यांनीं १९६३ सालीं केलें. त्यांचें म्हणणें शाळेंतल्या त्रैराशिकाप्रमाणें समजावून घेतां येतें. मनुष्य आपण कामांत काय घातलें तें एका पारड्यांत टाकतो: शिक्षण, अनुभव, वेळ, कष्ट. आपल्याला काय मिळालें तें दुसऱ्या पारड्यांत टाकतो: पगार, मान, बढती. या दोहोंचें प्रमाण काढून तो तें दुसऱ्या कोणाच्या तरी प्रमाणाशीं ताडून पाहतो. दोन्ही प्रमाणें जुळलीं तर तो स्वस्थ असतो. न जुळलीं तर अस्वस्थ होतो, मग स्वतःची रक्कम कितीहि मोठी असो. वाटपांतील न्याय म्हणजे प्रमाणाची समता, हें अॅरिस्टॉटल दोन हजार वर्षांपूर्वींच सांगून गेला होता. त्या तत्त्वाचा रोजच्या नोकरीशीं आणि नोकराच्या मनाशीं संबंध अॅडम्सनें जोडून दिला. अशा अस्वस्थ माणसापुढें चार वाटा असतात. तो हात राखून काम करील, किंवा अधिक मागेल, किंवा तुलनेचा माणूस बदलील, किंवा शेवटीं निघून जाईल.

‘तुलनेचा माणूस’ हीच आंतरराष्ट्रीय गटांतील खरी ग्यानबाची मेख आहे. मुलगी नोकरीस लागते तेव्हां ती आपली तुलना कॉलेजांतल्या मैत्रिणींशीं करते. त्यांच्याहून आपल्याला अधिक मिळतें असें पाहून ती संतुष्ट असते. वर्षभरानें तिचा सारा दिवस ज्यांच्याशीं बोलण्यांत जातो ते सहकारी क्राकोव्हला आणि कॅलिफोर्नियांत असतात. तेंच काम, तीच मुदत, तीच जबाबदारी. किंबहुना एखाद्या वेळीं त्यांची चूक निस्तरण्याचें काम हिच्याकडे येतें. मग नकळत तुलना त्यांच्याशीं होऊं लागते. पगार तोच राहतो, परंतु शेजारचें पान बदलतें. वडील मात्र अजून आपल्या जुन्या पगाराशींच तुलना करीत असतात. घरांतील मतभेदाचें मूळ येथें आहे.

मग सर्व देशांतील लोकांना सारखाच पगार द्यावा काय? या प्रश्नाला कंपन्यांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. अमेरिकेंतील ‘थर्टी-सेव्हन सिग्नल्स’ या कंपनीनें, नोकर कोठेंहि राहत असला तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या दरानें पगार ठरविण्याचें धोरण जाहीर केलें. ‘गिटलॅब’ या, मुख्य कचेरीच नसलेल्या कंपनीनें उलट रीत पत्करली. नोकर जेथें राहतो तेथील बाजार पाहून पगार ठरवावयाचा. मात्र त्यामागचीं कारणें आपल्या सार्वजनिक हस्तपुस्तिकेंत उघड मांडावयाचीं. ‘बफर’ कंपनीनें २०१३ सालीं आपल्या सर्व नोकरांचे पगार आणि ते काढण्याचें सूत्र जगापुढें ठेवलें. स्थानिक दराच्या बाजूनें असें म्हणतां येतें कीं, घरभाडें, औषधपाणी, मुलांचें शिक्षण यांचा खर्च सर्वत्र सारखा नसतो. आंकडा सारखा केला म्हणून जीवन सारखें होत नाहीं. सारख्या दराच्या बाजूनें असें म्हणतां येतें कीं, कंपनी माल विकतांना तो पुण्यांत बनला म्हणून ग्राहकाला स्वस्त देत नाहीं. मग बनविणाऱ्यालाच स्वस्त कां मोजावें? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि सज्जन माणसेंहि या प्रश्नावर एकमत होत नाहींत. परंतु एक गोष्ट या वादाबाहेरची आहे. कारण सांगून ठेवलेला फरक आणि अचानक कानांवर आलेला फरक, हे मनावर सारखा परिणाम करीत नाहींत.

याचें एक बोलकें उदाहरण जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकानें १९९० सालीं प्रसिद्ध केलें. तें दूरस्थ कामाचें नसून साध्या कारखान्यांचें आहे, पण मर्म तेंच आहे. अमेरिकेंतील एका कंपनीचीं कंत्राटें गेलीं आणि तिनें आपल्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांपुरता पगार शेंकडा १५ नें कमी केला. एका कारखान्यांत वरिष्ठांनीं कामगारांना एकत्र बोलावून हिशेब दाखविला, खेद व्यक्त केला, शंकांना सविस्तर उत्तरें दिलीं. दुसऱ्यांत थोडक्यांत सांगून सभा गुंडाळली. कपात दोन्हीकडे सारखी. परिणाम मात्र सारखा झाला नाहीं. त्या काळांत मालाची चोरी दोन्हीकडे वाढली, पण जेथें नीट सांगितलें नव्हतें तेथें ती कितीतरी अधिक वाढली, आणि नोकरी सोडून जाणारेहि तेथेंच अधिक निघाले. पगार पूर्ववत् होतांच चोरीहि उतरली. एकाच कंपनीवरून जगाचा नियम बांधूं नये हें खरें. तरी ज्यानें कधीं घर चालविलें आहे त्याला यांत नवल वाटणार नाहीं. तंगीच्या वर्षीं मुलांना परिस्थिति समजावून सांगणारा बाप आणि नुसता ‘नाहीं’ म्हणून पाठ फिरविणारा बाप यांच्या घरांत जो फरक असतो, तोच हा फरक होय.

तात्पर्य, न्यायाला तीन अंगें आहेत. किती मिळालें हें पहिलें. कोणत्या रीतीनें ठरलें हें दुसरें. आणि कोणत्या भाषेंत, किती आदरानें सांगितलें हें तिसरें. तिसऱ्या अंगाकडे रॉबर्ट बीज व जोसेफ मोअग यांनीं १९८६ सालीं लक्ष वेधलें. दुसऱ्या अंगाचा पाया १९७५ सालीं जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनीं घातला. न्यायदानाच्या पद्धतींचा अभ्यास करतांना त्यांना असें दिसलें कीं, ज्याला आपली बाजू पुरेपूर मांडतां आली, तो निकाल विरुद्ध गेला तरी पद्धतीला न्याय्य म्हणतो. १९८० सालीं जेराल्ड लेव्हेंथल यांनीं न्याय्य पद्धतीचीं सहा लक्षणें सांगितलीं. नियम सर्वांना व सर्व वेळीं सारखा असावा. ठरविणाऱ्याचा स्वार्थ किंवा पूर्वग्रह मध्यें येऊं नये. निर्णय खऱ्या माहितीवर व्हावा. चूक झाल्यास ती दुरुस्त करण्याची सोय असावी. ज्यांच्यावर परिणाम होणार त्या सर्वांचें म्हणणें विचारांत घ्यावें. आणि रीत नीतीला धरून असावी. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाला त्याची उत्तरपत्रिका दाखविली, कोठें किती गुण कां गेले तें समजाविलें आणि बेरीज चुकली असल्यास सुधारून दिली, तर तो रडतो, पण परीक्षकाला शिव्या देत नाहीं. पत्रिका न दाखवितां नुसता आंकडा फळ्यावर लिहिला, तर उत्तीर्ण झालेलाहि साशंक राहतो.

एका कचेरींत बसणाऱ्यांना या गोष्टी पुष्कळशा आपोआप दिसतात. साहेब कोणाला बोलावतो, कोण उशिरां थांबतो, कोणाचें काम कशामुळें अडलें, हें डोळ्यांना कळतें. अंतर पडलें कीं रीत दिसेनाशी होते आणि नुसतें फळ हातीं येतें. न दिसणारी रीत माणूस कल्पनेनें भरून काढतो, आणि कल्पना बहुधा उदार नसते.

प्रथम वेळेचा प्रश्न घेऊं. उन्हाळ्यांत पुण्याचें घड्याळ कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढें असतें. तेथें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां येथें रात्रीचे साडेनऊ होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं अमेरिकन लोक आपलीं घड्याळें एक तास मागें घेतात. पुण्याचें घड्याळ जागचें हलत नाहीं, पण बैठक साडेनऊऐवजीं साडेदहाला सुरू होते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तशीच चालते. दोन्ही ठिकाणच्या कचेरीच्या वेळा एकमेकींस कोठेंच शिवत नाहींत. म्हणजे कोणाला तरी आपला घरचा वेळ द्यावाच लागणार. प्रश्न इतकाच कीं तो नेहमीं एकानेंच कां द्यावा? घड्याळाचा अभिमान ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हां मुंबईकरांनीं ती सुखासुखीं स्वीकारली नाहीं; प्रमाणवेळेहून ३९ मिनिटें मागें असलेला ‘मुंबई टाइम’ या शहरानें १९५५ सालापर्यंत चालविला. ज्या शहरानें ३९ मिनिटांसाठीं जवळजवळ अर्धशतक हट्ट धरला, त्याच शहरांतील मुलें आज साडेबारा तासांचें अंतर मुकाट्यानें सोसतात. त्यांचें सोसणें कोणाच्या जमाखर्चांत लिहिलें जातें काय, हा न्यायाचा प्रश्न आहे. एक महिना बैठक पुण्याच्या रात्रीं साडेनऊला आणि पुढच्या महिन्यांत पुण्याच्या सकाळीं साडेआठला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आदल्या रात्रीं आठला ठेवली, तर गैरसोय नाहींशी होत नाहीं. ती वांटली जाते. वांटलेली गैरसोय अन्याय वाटत नाहीं. सणांचेंहि तसेंच आहे. नाताळांत सगळें काम थांबतें आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं मात्र मुदत संपते, असें दरवर्षीं होऊं लागलें, तर कोणी मुद्दाम केलें नसलें तरी तो पंक्तिप्रपंचच ठरतो.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनींत, शांघाय येथें, डिसेंबर २०१० पासून नऊ महिने एक प्रयोग झाला. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें विवरण २०१५ सालीं छापलें. दूरध्वनीवरून ग्राहकांचीं कामें करणाऱ्या, घरून काम करण्यास तयार व पात्र अशा २४९ नोकरांची जन्मतारखेवरून विभागणी केली. ज्यांची तारीख सम त्यांनीं आठवड्यांतून चार दिवस घरून काम करावें, विषम असलेल्यांनीं कचेरींतच. निवडीची ही रीत इतकी उघड होती कीं पक्षपाताचा संशयच उरला नाहीं. घरून काम करणाऱ्यांचें काम शेंकडा १३ नें वाढलें आणि नोकरी सोडण्याचें प्रमाण निम्म्यावर आलें. पण आणखी एक गोष्ट दिसून आली. सारखेंच काम करणाऱ्यांत, घरीं बसणाराला बढती मिळण्याचा संभव कमी झाला. प्रयोग संपल्यावर निवडीची मोकळीक दिली, तेव्हां घरून काम केलेल्यांपैकीं जवळजवळ अर्धे कचेरींत परत आले. एकटेपण हें त्याचें मुख्य कारण होतें. हे सर्व एकाच शहरांतले लोक. जेथें समुद्र आडवे येतात आणि रात्रीचा दिवस होतो, तेथें दृष्टीआड झालेल्याचें काम वरिष्ठाच्या स्मरणांतून किती सहज निसटत असेल, याची कल्पना करतां येते. म्हणून दूरस्थ गटांत कोणी काय केलें याची लेखी नोंद ठेवणें हा केवळ कारकुनी सोपस्कार नाहीं. तीच तेथील साक्ष आहे.

तिसरा प्रश्न मौनाचा. कॅथरीन क्रॅम्टन या संशोधिकेनें निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांच्या, मुख्यतः पत्रव्यवहारावर चालणाऱ्या १३ गटांचा अभ्यास करून २००१ सालीं निष्कर्ष मांडले. एकाचें पत्र दुसऱ्यास पोंचलेंच नाहीं, कोणाकडे सुटी होती, कोणाचें यंत्र बिघडलें, अशा साध्या कारणांनीं उत्तर येत नसे. पण वाट पाहणारा त्याचा अर्थ आळस, उपेक्षा किंवा उद्धटपणा असा करी. स्वतःकडून उशीर झाला तर परिस्थिति आडवी आली, दुसऱ्याकडून झाला तर त्याचा स्वभावच तसा. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कारटा’ ही आपली म्हण हेंच सांगते. कॅलिफोर्नियांतून पत्राचें उत्तर दोन दिवस आलें नाहीं, तर पुण्यांतील मुलगी समजते कीं आपल्याला कोणी मोजीत नाहीं. पुण्यांत मुसळधार पावसानें वीज गेली तर तिकडचा माणूस समजतो कीं हे लोक बेफिकीर आहेत. अन्याय कोणीच केलेला नसतो, पण भोगलेला मात्र दोघांनीं असतो.

त्यांत भाषेची भर पडते. बैठकींत इंग्रजी चालतें. ज्याची ती मातृभाषा आहे तो विचार करीत करीत बोलूं शकतो. ज्याला ती शिकावी लागली तो वाक्य जुळवून होईपर्यंत विषय पुढें गेलेला असतो. जपानांतील राकुतेन कंपनीनें २०१० सालीं सर्व व्यवहार इंग्रजींत आणण्याचें ठरविलें, तेव्हां मुरलेल्या जपानी नोकरांनाहि आपण एकाएकीं खालच्या पायरीवर आलों असें वाटूं लागलें. हार्वर्डच्या प्राध्यापिका सेडल नीली यांनीं त्याचा अनेक वर्षें मागोवा घेतला आहे. बोलका माणूस कर्तबगार आणि अबोल तो मंद, असा समज झाला कीं ‘खऱ्या माहितीवर निर्णय’ हें लक्षण तेथेंच ढळतें. बैठकीपूर्वीं विषय लिहून पाठविणें, प्रत्येकास क्रमानें बोलावयास लावणें आणि नंतर लेखी मत देण्यास एक दिवस ठेवणें, एवढ्यानेंहि पुष्कळांची वाचा मोकळी होते.

यावर उपाय अवघड नाहींत. ते मुद्दाम करावे लागतात इतकेंच. पामेला हाइंड्स व मार्क मॉर्टेनसन यांनीं २००५ सालीं एका मोठ्या कंपनींतील ४३ गटांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांतले २२ एका जागीं बसणारे व २१ विखुरलेले होते. विखुरलेल्या गटांत तंटे अधिक होते. पण जेथें लोक सहजगत्या, काम नसतांहि, एकमेकांशीं बोलत, तेथें ते कमी झाले. कचेरींतील चहाच्या वेळीं जें आपोआप घडतें, तें अंतरावर जुळवून आणावें लागतें. व्यवस्थापकानें वर्षांतून एकदां तरी दूरच्या टोंकाशीं जाऊन बसावें, म्हणजे रात्रीचे साडेदहा कसे असतात तें त्याला कळेल. पगार व बढती कशी ठरते तें लिहून ठेवावें आणि न पटल्यास कोणाकडे दाद मागावी तेंहि सांगावें.

मात्र येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. न्याय वाटणें आणि न्याय असणें या दोन गोष्टी आहेत. कांहीं चतुर लोक पहिलीवरच काम भागवूं पाहतात. निर्णय आधींच घेऊन ठेवावयाचा आणि मग ‘आपलें मत कळवावें’ म्हणून पत्र धाडावयाचें, हा बोलण्याचा मान देणें नव्हे. तो त्या मानाचा उपहास आहे, आणि एकदां उमगला कीं न विचारल्यापेक्षां अधिक झोंबतो. गोड बोलून कमी वाढणारा वाढपीहि पंक्तिप्रपंचच करतो. उलट, प्रत्येक नाराजी म्हणजे अन्यायाचा पुरावा, असेंहि मानूं नये. ज्याला आपलें पान तेवढें दिसतें आणि दुसऱ्याचे कष्ट दिसत नाहींत, त्याचें त्रैराशिक चुकूं शकतें. क्राकोव्हच्या सहकाऱ्यालाहि लहान मूल असेल, कॅलिफोर्नियांतल्या माणसाला उद्यां नोकरी राहील कीं नाहीं ही धास्ती असेल. म्हणूनच रीत उघडी असणें सर्वांच्याच हिताचें असतें: जेथें तक्रार खरी तेथें ती सिद्ध होते, जेथें चुकीची तेथें ती विरून जाते.

कायद्यानें यांतलें थोडेंच साधतें. कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्सनें २०१७ च्या आरंभापासून मान्य केला आणि ऑस्ट्रेलियांत तो २०२४ सालीं अमलांत आला. भारतांत २०१८ च्या अखेरीस बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं अशा आशयाचें खासगी विधेयक लोकसभेंत मांडलें होतें, परंतु त्याचा कायदा झाला नाहीं. शिवाय कायदा चालतो तो एका देशांत, आणि बैठकीची वेळ ठरते ती दुसऱ्या देशांत. तेव्हां अखेर भिस्त राहते ती गट चालविणाऱ्याच्या विवेकावर आणि गटांतील माणसांनीं वेळीं, शांतपणें, पण स्पष्ट बोलण्यावर.

घरच्या मंडळींनाहि येथें कांहीं करतां येण्यासारखें आहे. रात्रीं अकरा वाजतां दार उघडून बाहेर येणाऱ्या मुलीला ‘एवढा पगार मिळतो, मग काय झालें?’ असें विचारण्याऐवजीं ‘आज तुझें म्हणणें कोणी ऐकलें कां?’ असें विचारून पाहावें. कदाचित् तिची तक्रार पैशाची नसेलच. दोन आठवडे खपून केलेलें काम दुसऱ्याच्या नांवें वाचलें गेलें असेल, किंवा तिचा हात वर असतांच बैठक संपली असेल. प्रश्न नेमका कळला कीं तिलाच उमगेल कीं अधिक पगार मागावयाचा आहे, नियम विचारावयाचा आहे, कीं दुसरी पंगत शोधावयाची आहे. ज्या पंगतींत वाढपी शेवटच्या पानापर्यंत स्वतः चालत येतो, ‘काय हवें, काय राहिलें?’ असें विचारतो, आणि पदार्थ संपला असेल तर संपला म्हणून सांगतो, तेथून अर्ध्या लाडवावर उठलेला पाहुणाहि तृप्त होऊन जातो.